एकोणचाळीस प्रश्न, चाळीस उत्तरं

वीस हजारांत एक. हा आकडा मी स्वतःच्या हातानं कागदावर लिहिला, खाली सही केली आणि चौकशी समितीच्या फाइलीत लावायला दिला. निवृत्तीला दहा महिने उरले होते. सही करताना, खोटं कशाला बोलू, मला जरा ऐटच वाटली होती.

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं की काशीत तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरातल्या संख्याशास्त्राच्या बाईंकडे गमतीजमती पुष्कळ असतील, त्या लिहा. आहेत तशा. पण लिहायला बसलं की हा आकडाच आधी समोर येऊन बसतो, आणि त्याला वाट करून दिल्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. भाषेचंही सांगून ठेवते. आमची मराठी दूधविनायकाच्या गल्लीतली. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. त्यामुळे माणसं जशी बोलली तशीच लिहिते आहे.

मी शिकवत होते ती संभाव्यता. बाहेरच्या माणसाला वाटतं हे पत्त्यांचं आणि फाशांचं शास्त्र आहे. खरं तर ते मोजमापाचं शास्त्र आहे. जमीन मोजतो तसं इथे शक्यता मोजायच्या. जे जे घडू शकतं त्या सगळ्याला मिळून एक इतकं माप द्यायचं, आणि मग प्रत्येक घटनेच्या वाट्याला त्यातलं किती येतं ते बघायचं. इथवर सगळा भूमापनाचाच कारभार. त्यात एक छोटी व्याख्या आली की आमचं शास्त्र वेगळं होतं. ती व्याख्या म्हणजे स्वातंत्र्य. पहिली गोष्ट घडली हे कळूनही दुसरीचा वाटा जितक्यास तितका राहिला, तर त्या दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र. तशा त्या असतील तरच त्यांच्या शक्यतांचा सरळ गुणाकार करायचा. नसतील तर तसा गुणाकार करायला बंदी आहे.

ही बंदी लोकांच्या पचनी पडत नाही, दोन्ही बाजूंनी. दुर्गाघाटावरच्या एका गुरुजींना चार मुली. ते एकदा माझ्याकडे आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "ताई, चार झाल्या. आता हिशेबानं पाचवा मुलगाच येणार ना?"

"कुठल्या हिशेबानं, गुरुजी?"

"म्हणजे मुलींचा कोटा पूरा झाला की."

मी म्हटलं, "वर कोटा बघणारा बाबू बसलेला नाही हो. मागचे चार कुणाच्या लक्षात नसतात." गुरुजींना माझा राग आला. त्यांचा विश्वास होता की पाचव्या खेपेला मागच्या चारांची आठवण राहते. पाचवी मुलगीच झाली. आज ती बँकेत अधिकारी आहे आणि गुरुजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीच नेते.

ही झाली एक चूक, जे स्वतंत्र आहे त्याला बांधलेलं समजायची. उलटी चूक जास्त वाईट. आमच्या घरचे आणि समोरच्या घरचे दिवे एकाच क्षणी गेले तर आम्ही त्याला दैवी योगायोग म्हणत नाही, खिडकीतून मान काढून खांबाकडे बघतो. हे उदाहरण मी वर्गात इतकी वर्षं दिलं की मुलं माझ्या आधी "खंभा, मैम!" असं ओरडायची. आणि मग एक दिवस खांबाकडे बघायचं मीच विसरले.

झालं ते असं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा, चाळीस गुणांचा पर्यायी प्रश्नांचा पेपर. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यातला एक बरोबर. पेपर बाहेरच्या कॉलेजातल्या कुणी काढला होता. तपासणाऱ्याच्या लक्षात आलं की एकामागे एक बसलेल्या दोन मुलांचे नऊ प्रश्न चुकले आहेत. नऊही तेच, आणि नऊही ठिकाणी चुकीचा पर्यायही तोच. पुढे बसलेली निशात, मागे अवधेश. निशात मदनपुऱ्यातल्या विणकराची मुलगी, माझ्या वर्गातली. अवधेश गंगेपलीकडून चंदौलीहून रोज येणारा, संध्याकाळच्या वर्गातला, तो माझ्याकडे नव्हता.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष होते डॉक्टर तिवारी, रसायनशास्त्राचे, शिस्तीचे आणि स्वभावानं तापट. त्यांनी मला बोलावून सरळ विचारलं, "मैडम, यह संयोग हो सकता है क्या? एक लाइन में बता दीजिए."

एका ओळीत सांगायला मला आवडतं. चुकीचे पर्याय प्रत्येकी तीन. दोघांनीही प्रश्न चुकवला तर दोघांची चूक जुळायची शक्यता तीनांत एक. नऊ प्रश्न, म्हणजे नऊ वेळा तीन घेऊन त्यांचा गुणाकार. एकोणीस हजार सहाशे त्र्याऐंशी. मी लिहून दिलं: असं आपोआप घडण्याची शक्यता सुमारे वीस हजारांत एक.

निशातला समितीपुढे बोलावलं तेव्हा मी कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. तिचा पुण्याच्या एका संस्थेत एमएस्सीसाठी प्रवेश ठरला होता, फक्त निकाल पाठवायचा होता. गुणपत्रिकेवर नकलेचा शेरा पडला की एक वर्ष परीक्षेला बंदी, आणि पुढे कुठलंही दार उघडणं कठीण. तिच्या घरून एवढ्या लांब शिकायला जाणारी ती पहिलीच. अब्बांनी मोठ्या मुश्किलीनं हो म्हटलं आहे हे तिनंच मला एकदा व्हरांड्यात सांगितलं होतं. आता ती उभी होती, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून.

"नकल नहीं की, सर."

"तो नौ के नौ गलत जवाब एक जैसे कैसे?"

"पता नहीं, सर. हमने तो सेट से पढ़ा था."

"सब सेट से ही पढ़ते हैं," तिवारी म्हणाले, आणि माझा कागद तिच्यासमोर धरला. "तुम्हारी अपनी मैडम ने लिखा है. पढ़ो."

तिनं तो वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर मला सोसला असता. ती आकडा मनात पडताळून बघत होती. तीनाचा नववा घात बरोबर आहे का, एवढंच. तो बरोबर होता. ती मान खाली घालून निघून गेली.

हा शुक्रवार. आदेश टाइप होऊन सोमवारी दुपारी बारा वाजता सह्या व्हायच्या होत्या.

शनिवारी मी नेहमीसारखी होते. रविवारी सकाळी भाजी निवडताना माझे हात थांबले. "सेट से पढ़ा था." कुठला सेट? हा प्रश्न समितीत कुणीच विचारला नव्हता. तिवारींनी नाही विचारला हे ठीक, ते रसायनवाले. पण मी? दोन मुलांची उत्तरं गुणाकारात घालण्याआधी ती दोघं कशावरून शिकली हे विचारायला नको? मी भाजी बाजूला सारून उठले. कारण कॉलेजबाहेर, लंका नावाच्या भागातल्या झेरॉक्सच्या दुकानांत जे सराव संच विकले जातात, त्यांतले निम्मे माझेच आहेत. अकरा-बारा वर्षांपूर्वी मी हौसेनं बनवले, मुलांना मोफत वाटले, आणि मग ते माझ्या हातून सुटून गावभर फिरत राहिले.

घरात शोधले. माझी मूळ प्रत गेल्या पुराच्या साली खालच्या खोलीत पाणी भरलं त्यात गेली होती. दुकानं रविवारी बंद. निशातचा फोन बंद. तिवारींनी फोन उचलला आणि म्हणाले, "मैडम, आपने लिखकर दे दिया है न? अब कल आइए, दस्तखत कीजिए."

सोमवार उजाडला तो सावनचा सोमवार. आमच्या इथे सावन तुमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, आणि सोमवारी विश्वनाथाच्या दर्शनाला सगळा मुलूख लोटतो. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले, वेळापत्रकाची सवय अजून सुटलेली नाही. ते दारातच उभे राहिले.

"अगं, मैदागिनपासून गोदौलियापर्यंत बॅरिकेडिंग आहे. टोटो नाही, रिक्शा नाही. गंगा चढलेली आहे, नावही बंद. जाणार कशी?"

"चालत."

"तुझे गुडघे?"

"अहो, गुडघे राहू देत. बारा वाजता सह्या आहेत."

त्यांनी माझी छत्री आणि पाण्याची बाटली आणून दिली. आठला निघाले. चौखंब्यातून, ठठेरी बाजारातून, गल्लीगल्लीनं. दर थोड्या अंतरावर रांग गल्ली कापून जायची आणि पोलिसांचा दोर आडवा यायचा. एका ठिकाणी पंधरा मिनिटं अडकले. समोरचा शिपाई ऐकेना. मी म्हटलं, "भैया, परीक्षा का मामला है," त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून विचारलं, "आपकी परीक्षा है, अम्मा?" मी हो म्हटलं. त्यानं दोर उचलला.

गोदौलिया ओलांडून मदनपुऱ्यातून चालत सोनारपुऱ्यापर्यंत पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. तिथे टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, मिळाला. लंकेवर उतरले तेव्हा दहा चाळीस, आणि पहिलं दुकान बंद. दुसऱ्या दुकानात मला ओळखणारा गुप्ता नुकतं शटर उघडत होता. "परनाम मैम! का चाही?"

"प्रोबेबिलिटी का सेट. बीएससी का."

"आप ही का सेट आप ही खरीदेंगी?" तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं गठ्ठ्यातून एक प्रत काढून दिली. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. तरी शेवटच्या पानावरचा उत्तरांचा तक्ता माझ्याच अक्षरात होता.

पर्समध्ये परीक्षेचा पेपर होता. दुकानाच्या फळीवर दोन्ही शेजारी ठेवले. बाहेरच्या परीक्षकानं माझ्याच संचातले बारा प्रश्न जसेच्या तसे उचलले होते, पर्यायांच्या क्रमासकट. बारापैकी तीन उत्तरं तक्त्याप्रमाणे बरोबर. नऊ चूक. तीच नऊ.

मला काही कळेना. नऊ चुका मी केल्या? एकाच संचात? मी तक्त्यावरून बोट फिरवत मोजायला लागले. प्रश्न एकोणचाळीस. उत्तरं चाळीस.

आणि मग सगळं आठवलं. संच टाइप झाल्यावर बाविसावा प्रश्न मला सदोष वाटला. मी तो काढून टाकला, पुढच्या प्रश्नांचे आकडे एकेकानं मागे घेतले. उत्तरांचा तक्ता वेगळ्या पानावर हातानं लिहिलेला, तो तसाच राहिला. बाविसाव्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक प्रश्नासमोर त्याच्या मागच्या प्रश्नाचं उत्तर. कुठे नशिबानं पर्याय जुळला तेवढीच बरोबर. म्हणजे नऊ चुका नव्हत्याच. चूक एकच होती, ती नऊ ठिकाणी उमटली होती, आणि मी नऊ वेळा तीन घेऊन गुणाकार करत बसले होते. जन्मभर मोजमाप शिकवणाऱ्या बाईला एकोणचाळीस आणि चाळीस यांतला फरक अकरा वर्षं दिसला नाही.  गुप्तानं स्टूल पुढे केलं, पण बसायला वेळ नव्हता.

समितीच्या खोलीत शिरले तेव्हा अकरा पन्नास. आदेशावर दोन सह्या झाल्या होत्या. तिसरी जागा तज्ज्ञाची, माझी.

"मी सही करणार नाही," असं मी आधी मराठीतच बोलून गेले. मग हिंदीत सांगितलं. संच दाखवला, तक्ता दाखवला, मोजून दाखवलं.

तिवारी ऐकत होते, पण चेहरा घट्ट. "शुक्रवार को बीस हज़ार में एक था. आज क्या हो गया? गणित बदल गया?"

"गणित वही है, सर. मैंने उसे गलत जगह लगाया. दोनों अलग-अलग सोचकर गलती करते, तब वह संख्या सही होती. दोनों ने एक ही कागज़ रटा है, और कागज़ मेरा है."

"यह आपका अनुमान है. हो सकता है एक ने रटा हो और दूसरे ने उससे नकल की हो."

मुद्दा बरोबर होता, आणि मी घाईत त्याचा विचार केला नव्हता.  घड्याळात बाराला पाच कमी. मग मी म्हटलं, "बाकी के पेपर निकलवाइए. सब कमरों के. ये दोनों आगे-पीछे बैठे थे, बस इसीलिए आपने इन्हीं को देखा."

"दो सौ कॉपियाँ?"

"मैं देखूँगी. खड़े-खड़े देखूँगी."

तिवारींना ते आवडलं नाही. पण त्या माणसाचं एक मानायला हवं, शिस्त स्वतःलाही लावायचे. त्यांनी गठ्ठे मागवले आणि स्वतः एक ओढून घेतला. सव्वा तास खोलीत फक्त पानांचा आवाज. पहिल्या गठ्ठ्यात काहीच सापडेना. दुसऱ्या गठ्ठ्यात एक. पुन्हा एक. शेवटी आणखी सात उत्तरपत्रिका निघाल्या, त्याच नऊ चुकांच्या, तीन वेगवेगळ्या खोल्यांतल्या. त्यांतली दोन मुलं तर दुसऱ्या मजल्यावर होती.

तिवारींनी आदेश फाडला नाही. त्यावर आडवी रेघ मारली, "निरस्त" लिहिलं, आणि मला म्हणाले, "मैडम, आपका शुक्रवार वाला कागज़ फ़ाइल में रहेगा."

"रहने दीजिए," मी म्हटलं. तो आजही तिथे असेल.

दोघांवरचा आरोप गेला, पण गुण गेले ते गेलेच. प्रश्न बरोबर होते, उत्तरं चूक होती, नियमात दुसरं काही बसत नव्हतं. निशातचा निकाल त्याच दिवशी लागला. नऊ गुणांनी टक्का घसरला आणि पुण्याची जागा त्या वर्षापुरती हुकली. हा माझ्या नोकरीचा सगळ्यात जड दिवस. मी तिला वाचवलं असं कुणी म्हटलं की मला चीड येते. ज्यानं ढकललं त्यानंच मग हात दिला तर त्याला वाचवणं म्हणत नाहीत.

त्या गुरुवारी मी तिच्या घरी गेले. खाली करघे, म्हणजे हातमाग, वर राहणं. करघ्याची खटखट चालू होती, मला बघून तिच्या अब्बांनी ती थांबवली. उंच, सडसडीत माणूस, बोलणं मोजकं. चहा आला. मी काय झालं ते सगळं सांगितलं, माझी चूक आहे हे तीनदा सांगितलं.

ते म्हणाले, "बहनजी, नकल वाली बात तो मोहल्ले में फैल गई. अब आप कहती हैं नहीं की. मान लिया. लेकिन नौ सवाल तो गलत हुए न? अगले साल फिर भेजने को कहती है. मुझे बस इतना बताइए, लड़की उस लायक है? कि यहीं रोक लूँ?"

मी म्हटलं, "लायक है. मैं लिखकर देती हूँ." पर्समधून कागद काढला आणि लिहायला लागले, की विद्यार्थिनी निर्दोष आहे, तिनं नक्कल केलेली नाही.

निशात दारात उभी होती.  आता म्हणाली, "मैम, यह मत लिखिए."

"क्यों?"

"नकल नहीं की, यह तो कॉलेज ने भी लिख दिया. आप यह लिखिए कि मेरे जवाब सही थे."

तिनं आतून एक वही आणली. माझ्याच संचातले प्रश्न तिनं एकेक करून सोडवले होते, पानभर पायऱ्यांसह. प्रत्येकाखाली तिचं उत्तर. त्या नऊ प्रश्नांखाली तिनं स्वतःचं उत्तर एका सरळ रेघेनं खोडून शेजारी माझ्या तक्त्यातलं उत्तर लिहिलं होतं. एका ठिकाणी खोडण्याआधी तिनं तीनदा सोडवून पाहिलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं होतं.

"विचारायला का नाही आलीस?" माझ्या तोंडून मराठीच निघालं, पण तिला कळलं.

"आपका लिखा था, मैम. हमें लगा, हम ही समझ नहीं पाए."

मला रडू आलं. त्या घरात, अनोळखी माणसासमोर, साठीला टेकलेली मी पदराला डोळे पुसत बसले. अब्बांनी मान दुसरीकडे वळवली. निशातनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "देखकर लिखिएगा, मैम. बिना देखे नहीं."

मग मी वही मांडीवर घेतली आणि नऊच्या नऊ प्रश्न नव्यानं सोडवायला बसले. अब्बा समोर हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा ते वाचत होते, आणि मला ते ठाऊक होतं. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्याची तिची रीत माझ्याहून सोपी होती. आठ झाले, आठही बरोबर.

नववा प्रश्न असा. दोन फासे टाकले. पहिल्यावर सम आकडा, दुसऱ्यावर सम आकडा, दोघांची बेरीज सम. या तीन घटना स्वतंत्र आहेत का? मी पहिली-दुसरी तपासली, स्वतंत्र. दुसरी-तिसरी, स्वतंत्र. पहिली-तिसरी, स्वतंत्र. तिनं लिहिलं होतं, नाहीत. मला वाईट वाटलं, पण पाहून लिहायचं ठरलं होतं. मी कागदावर लिहिलं, नऊपैकी आठ, आणि म्हटलं, "यह एक चूक गया, बेटा."

"नहीं, मैम."

एवढ्या वर्षांत ती मला पहिल्यांदा नाही म्हणाली होती. अब्बांची नजर तिच्याकडे गेली, मग माझ्याकडे.

"आपने दो-दो करके देखा है," ती म्हणाली.  "तीनों को साथ देखिए. पहले दो सम आ गए तो जोड़ सम होगा ही. तीसरी के पास अपना बचा क्या?"

मी पुन्हा वहीकडे पाहिलं. हा प्रश्न मी स्वतः बनवला होता, मुलं जोड्या तपासून थांबतात की नाही ते बघायला. मीच थांबले होते.

मी आठ खोडून नऊ लिहिलं, खाली सही केली आणि कागद अब्बांकडे दिला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग मला विचारलं, "पक्का?"

मी काही बोलायच्या आत निशातनं उत्तर दिलं, "पक्का, अब्बा."